देवाचा वाटा आणि घरचा हिशेब

रविवारच्या उपासनेत एक गीत गायले जाते आणि तेवढ्या वेळात अर्पणाची थैली बाकांमधून फिरते. बाहेरून आलेल्या माणसाला हा दोन-तीन मिनिटांचा उपचार वाटतो. परंतु त्या थैलीत पडणाऱ्या पाकिटामागे अनेक ख्रिस्ती घरांत महिन्याच्या आरंभी झालेला विचारविनिमय असतो. पगार हाती आला. त्यातले देवाचे किती, मुलांच्या फीचे किती आणि कर्जाच्या हप्त्याचे किती?

याला रूढ उत्तर आहे ‘दशमांश’, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. चाळीस हजार रुपये पगाराच्या घरात ही रक्कम चार हजार होते. विशेषतः प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये हा नियम लहानपणापासून कानांवर पडतो. कॅथलिक चर्चने मात्र असा ठरावीक हिस्सा सांगितलेला नाही. चर्चच्या गरजांना आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावावा, एवढेच कर्तव्य तेथे सांगितले जाते. दशमांश कपातीपूर्वीच्या पगारावर काढायचा की हाती येणाऱ्या रकमेवर, हा वादही जुनाच आहे आणि त्यात काही घरे वर्षानुवर्षे अडकून पडलेली दिसतात.

वास्तविक दशमांशाचे मूळ पाहिले, तर तो निव्वळ धर्मसंस्थेचा कर नव्हता. जुन्या करारातील इस्राएली समाज शेती आणि गुरांवर जगणारा. त्यातील लेवी वंशाकडे उपासनेची सेवा होती आणि जमिनीत वाटा नव्हता. म्हणून इतरांच्या पिकाचा दहावा भाग त्यांच्या निर्वाहासाठी ठरला. परंतु अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दशमांशाचे आणखी दोन उपयोग सांगितलेले आहेत आणि प्रवचनांतून ते क्वचितच ऐकू येतात. एक म्हणजे, कुटुंबाने तो घेऊन पवित्रस्थानी जावे आणि तेथे देवासमोर सर्वांनी मिळून आनंदाने जेवावे. दुसरा असा की, दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवावा आणि लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांनी तो पोटभर खावा. दानाच्या या कल्पनेत घरातील माणसे उपाशी राहणे अभिप्रेत नव्हते, उलट त्यांचे ताटही तेथेच मांडलेले होते.

नव्या करारात दहा टक्क्यांचा आकडा मागे पडतो. पुदिना, शेप आणि जिरे अशा स्वयंपाकघरातील जिनसांचाही दहावा भाग मोजून देणारे लोक न्याय आणि दया मात्र विसरतात, असे येशूने परूशांना सुनावले. जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, तर एका गरीब विधवेने मंदिराच्या भांडारात दोन क्षुल्लक नाणी टाकली. येशूने तिचे दान सर्वांत मोठे ठरविले, कारण ते उरलेल्यातून नव्हे, उपजीविकेतून दिलेले होते. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रांत सरळ व्यावहारिक सूचना आढळतात. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे. नाखुशीने किंवा कोणी भाग पाडले म्हणून देऊ नये. आणि ज्याच्यापाशी जे आहे त्यावरून दानाचे मोल होते, जे नाही त्यावरून नव्हे.

विधवेच्या या गोष्टीचा आधार घेऊन भाविकांकडून शेवटचा रुपयाही मागितला जातो, तेव्हा मात्र सावध व्हायला हवे. मार्कच्या शुभवर्तमानात या प्रसंगाच्या अगदी आधीच्या ओळींत विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर येशूचे कठोर शब्द आहेत. ती विधवा थोर होती, यात शंका नाही. तिच्यासारखीचे घर रिकामे करणारी व्यवस्था मात्र थोर नव्हती. ‘कुर्बान’ या प्रथेवरही त्याने असाच प्रहार केला. आपले धन देवाला अर्पण केले आहे असे जाहीर करून आई-वडिलांची जबाबदारी झटकण्याची ती युक्ती होती. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वासच नाकारला आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे.

गेल्या काही दशकांत दूरचित्रवाणीवरून आणि मोठ्या सभांतून वेगळीच शिकवण पसरली. दान म्हणजे पेरलेले बी. जितके पेराल त्याच्या अनेकपट पीक देव देईल, असे ती सांगते. अमेरिकेतील ओरल रॉबर्ट्स या प्रचारकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कल्पना लोकप्रिय केली. देवाच्या आशीर्वादाचे वचन बायबलमध्ये आहे, मलाखीच्या पुस्तकात तर ते स्पष्टच आहे. परंतु आजारपण किंवा कर्ज यांनी गांजलेल्या कुटुंबाला परताव्याची आशा दाखवून पैसे घेणे हा दानधर्म नसून सट्टा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हप्ता थकवून किंवा उसने घेऊन दिलेले दान प्रत्यक्षात सावकाराच्या खिशातून दिलेले असते.

दानाचा निर्णय एकट्याचा की घराचा, हा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी वाचकाला त्याचे सर्वांत जिवंत चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये सापडते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला आणि पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही त्यांची कर्मभूमी झाली. टिळकांचा हात सढळ. त्यांच्याजवळचा पैसा गरजवंताकडे जायला वेळ लागत नसे. घरात निराधार मुलांची भर पडे आणि त्या सर्वांच्या जेवणाखाण्याची चिंता लक्ष्मीबाईंकडे असे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने जगण्याचे ठरविले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येते, कारण लक्ष्मीबाईंनी सारे विनोदाने सांगितले आहे. पण त्या विनोदाखाली एक अवघड हिशेब आहे: वैराग्य एकाचे आणि काटकसर दुसऱ्याची. टिळकांच्या औदार्याचे गोडवे गाताना ते दान दोघांचे होते, हे आपण सहज विसरतो.

आरंभीच्या मंडळीतील हनन्या व सप्पीरा या दांपत्याची कथा याच्या उलट टोकाची आहे. त्यांनी जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि सर्वच रक्कम दिल्याचा देखावा केला. पेत्राने त्यांना दोष दिला तो खोटेपणाबद्दल. जमीन त्यांचीच होती आणि तिचे पैसेही त्यांच्याच अधिकारात होते, हे त्याने आधी मान्य केले.

दान घरात मुरवण्याच्या काही रीती सुंदर आहेत. मिझोरममधील प्रेस्बिटेरियन कुटुंबांत १९१० पासून चालत आलेली मूठभर तांदळाची प्रथा ही त्यांतील सर्वांत बोलकी. स्वयंपाकासाठी तांदूळ घेताना गृहिणी एक मूठ बाजूला काढते. साठलेला तांदूळ गोळा करून विकला जातो आणि ती रक्कम चर्चच्या कार्याला लागते. दान येथे चुलीपाशी ठरते, आणि घरात तांदूळ शिजतो आहे तोवर मूठ निघते. मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांनी एका तरुणाचे उदाहरण लिहून ठेवले आहे. तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानले जाते. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ मध्ये राही आणि २ दान करी. पुढे मिळकत ६०, ९० आणि १२० पौंड झाली, तरी त्याचा खर्च २८ पौंडच राहिला. पगारवाढीबरोबर राहणीमान वाढविणाऱ्या आजच्या शहरी कुटुंबाला हे गणित दहा टक्क्यांपेक्षा कठीण जाईल!

करसवलतीचा विचार येथे फारसा उपयोगी नाही. नव्या करप्रणालीत देणगीची वजावट व्यक्तींना मिळत नाही. जुन्या प्रणालीतही विशिष्ट धर्मसमाजापुरत्या असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीस ती सामान्यतः लागू होत नाही, आणि पात्र संस्थेलाही २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास सवलत नाही.

हिशेब मागण्याचा संकोच मात्र देणाऱ्या कुटुंबाने सोडायला हवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येत चर्चचाही समावेश आहे. अशा न्यासांना लेखे ठेवावे आणि तपासून घ्यावे लागतात. हिशेब विचारणे म्हणजे विश्वास कमी असणे, असा समज कित्येक मंडळ्यांत आढळतो. यरुशलेममधील गरजूंसाठी गोळा झालेली वर्गणी पोहोचवताना पौलाने मात्र मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला होता. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आपल्याकडे बोट दाखवू नये, हे कारण त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे.