संगणक अडला? आधी शेवटची ओळ वाचा!



शाळेचा लिनक्सवाला संगणक सुरू होतानाच अडला, तर जव्हार-मोखाड्यातून तो दुरुस्तीला न्यायचा म्हणजे अख्खा दिवस मोडतो. पण पडदा काळा झाला म्हणजे सगळं संपलं, असं नसतं.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तोच थांबला की कीबोर्ड, पडदा, नेटवर्क सगळंच ठप्प. मग आतला बिघाड शोधायचा कसा? बाहेरून! शेजारी दुसरा संगणक ठेवून दोघांना सिरीयल केबलने जोडतात. तारा तीनच पुरतात: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंडची. सिरीयल कन्सोल आधीच चालू करून ठेवला असेल, तर कर्नलचे संदेश इकडे ओळीने उमटतात. नेहमीचा वेग सेकंदाला 115200 बिट, म्हणजे सुमारे 11520 अक्षरं.

केजीडीबी वापरलं तर कर्नल हव्या त्या ओळीवर थांबवून आत काय चाललंय तेही तपासता येतं. 2008 मध्ये ते मूळ लिनक्स कर्नलमध्ये आलं; त्याआधी ते घडवणाऱ्यांत पुण्याचे अमित काळे होते. शेजारच्या संगणकाला इंटरनेट असेल, तर दूरचा जाणकारही इथला बिघाड पाहू शकतो.

म्हणून मुलांना सांगा: बटण दाबून बंद करण्याआधी दिसणारी शेवटची ओळ जशीच्या तशी वहीत उतरवा. दुरुस्ती तिथूनच सुरू होते.