तोरण्याच्या पायथ्याशी ठेवलेली सायकल

वेल्ह्यापर्यंत सायकलने येऊन, ती बारीक तारेच्या कुलपावर सोपवून तोरणा गड चढू लागलेले तरुण परवा दिसले, म्हणून हे लिहिणे अगत्याचे वाटले.

तारेचे कुलूप साध्या कटरने क्षणात तुटते. यास्तव कणखर पोलादाचे यू-लॉक घ्यावे आणि फ्रेम व मागचे चाक एकत्र, जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबास जखडावे.

पेडलच्या आसाखाली बहुधा कोरलेला फ्रेम-क्रमांक पावतीसह जपावा, कारण विम्याचा दावा असो वा पोलिसांतील फिर्याद, मालकीचा पुरावा म्हणून तोच कामी येतो. घरगुती विम्यात घराबाहेरील चोरी अंतर्भूत आहे किंवा कसे, हे करारनाम्यात वाचल्याखेरीज सायकलने गडाची वाट धरू नये.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये, वेल्ह्यातील चोरीची खबर हद्दीबाहेरच्या, भोरच्या ठाण्यातही देता येते.