बाळंतपणात इजा झाली, तर आधी कागद मागा

उल्हासनगर-4 चं शासकीय प्रसूतिगृह, मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय आणि गल्लोगल्लीची खासगी नर्सिंग होम. या पट्ट्यातली बाळंतपणं इथंच होतात आणि अडलं की बाईला कळव्याला, ठाण्याला किंवा मुंबईला हलवतात. मग बाळ रडलं नाही, त्याला काचेत ठेवलं, असं कळलं की घरात दोनच वाक्यं ऐकू येतात. कोणी म्हणतं, डॉक्टरनं वाट लावली. कोणी म्हणतं, नशिबात होतं. खरं काय घडलं, हे या दोन्हींतून कळत नाही.

मुलाला सेरेब्रल पाल्सी झाली म्हणजे प्रसूतीच्या वेळी चूक झालीच, असं नाही. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भातला संसर्ग, जन्मानंतरची तीव्र कावीळ ही कारणंही मोठी आहेत. खांद्याशी बाळ अडकलं तर हाताच्या नसा ताणल्या जातात आणि हात लुळा पडतो. निष्णात हातांतही हे घडू शकतं. यातली बरीच बाळं काही महिन्यांत सुधारतात. पण तीन महिन्यांनीही कोपर वाकत नसेल, तर तज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नये.

मग हलगर्जी कशाला म्हणायचं? कळा सुरू असताना बाळाचे ठोके पहिल्या टप्प्यात दर 15 ते 30 मिनिटांनी आणि बाई जोर देऊ लागली की दर 5 मिनिटांनी ऐकायचे असतात. कळा वाढवण्याचं ऑक्सिटोसिन सलाइनमधून, मोजून, कोणीतरी जवळ थांबून द्यायचं औषध आहे. प्रसूतीआधी ते सरळ दंडात किंवा कमरेत टोचणं धोक्याचं, कारण एकदा टोचलं की थांबवता येत नाही. बाळ लवकर यावं म्हणून पोटावर दाब देण्याची पद्धत वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटना 2018 पासून सांगते. ‘सुई दिली, पोट दाबलं, झटकन सुटली’ असं आपण कौतुकानं सांगतो, तिथंच नीट विचारायला हवं. ठोके कधी घटले, ते कोणी पाहिलं, सिझरचा निर्णय किती वाजता झाला, रेफर कधी केलं? याची उत्तरं पार्टोग्राफ नावाच्या आलेखात आणि केसपेपरवर असतात.

‘कागद देत नाहीत’ हे पुष्कळदा ऐकू येतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णानं किंवा अधिकृत नातेवाइकानं मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मला तरी वकिलापेक्षा आधी हेच महत्त्वाचं वाटतं.

‘संमतीपत्रावर सही केली, आता काय?’ सही शस्त्रक्रियेला असते, हलगर्जीला नसते.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज म्हणजे सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेतले, तर तक्रार करता येत नाही. यात अर्धं खरं आहे. 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, मात्र जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं वगळली. पण दिवाणी न्यायालयाचा दरवाजा उघडाच आहे. जुलै 1963 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात एका बाईची प्रसूती झाली आणि काही दिवसांनी नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात कापडाचा बोळा राहिला. ताप, असह्य वेदना, पुन्हा पोट उघडणं, आणि त्याच महिन्यात मृत्यू. कनिष्ठ न्यायालयानं 36,000 रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्य शासनाला जबाबदार धरून ती पुन्हा दिली. तेहतीस वर्षं! इतका उशीर हा त्या कुटुंबावरचा दुसरा अन्याय होता. तरी त्यातून एक गोष्ट पक्की झाली, सरकारी नोकराच्या हलगर्जीची भरपाई सरकारला द्यावी लागते.

खासगी नर्सिंग होमविरुद्ध ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत साधारण दोन वर्षं. रुग्णालयाला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही, आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही. आई-वडिलांसोबत बाळाच्या वतीनंही दावा चालतो, हे 1998 मध्ये ठरलं आहे. फौजदारी गुन्ह्याला मात्र घोर निष्काळजीपणा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार त्यासाठी पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायचं असतं. म्हणून दवाखान्याची काच फोडून हाती काही लागत नाही, उलट गुन्हा आपल्यावरच दाखल होतो.

आणि रेफर केल्यावर गाडीचे पैसे? शासकीय रुग्णालयातून हलवताना जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गाडी, औषधं, रक्त आणि सिझर, सगळं मोफत आहे, 2011 पासून. कोणी पैसे मागितले तर पावती मागा आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या.