गच्चीवरील फळ्यांचा खरा खर्च

मराठवाड्यांतील माळवदाच्या घरांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांस एक गोष्ट निराळी सांगावयास नको. लांकडी तुळ्या, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर, असें तें माळवद बांधून झालें म्हणजे हिशेब मिटला, असें कधींच होत नसे. पावसाळ्यापूर्वीं माती सारखी करावी लागे, वाळवीवर डोळा ठेवावा लागे. आतां जालन्यासारख्या शहरांतहि सिमेंटच्या गच्चीवर संमिश्र फळ्यांची जमीन घालण्याचा विचार कांहीं कुटुंबांत होतांना दिसतो. अशा वेळीं जुन्या पिढीचा तो हिशेबीपणा आठवणें इष्ट होय.

ही संमिश्र फळी, बाजारांतील भाषेंत 'डब्ल्यूपीसी', म्हणजे लांकडाची भुकटी व प्लॅस्टिक यांचें मिश्रण तापवून साच्यांतून काढलेली फळी. अमेरिकेंत १९९० नंतरच्या दशकांत तिचा प्रसार झाला. तिला वाळवी सहसा लागत नाहीं व दरवर्षी तेलपाणी करावें लागत नाहीं, हे तिचे गुण खरे आहेत.

परंतु दुकानांत चौरस फुटाचा जो भाव सांगतात, तो बहुधा केवळ फळीचा असतो. बारा फूट लांब व दहा फूट रुंद गच्ची घेऊं. क्षेत्रफळ १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. फळी १४० मिलिमीटर रुंद व दोन फळ्यांमधील फट ५ मिलिमीटर धरल्यास सुमारे ७७ मीटर फळी लागेल. कापण्यांत वाया जाणारा दहावा हिस्सा मिळविला कीं ती ८५ मीटर होते. फळ्यांखालीं लोखंडी चौकोनी नळ्यांचे आधार हवेत. ते दर ३५ सेंटिमीटरांवर बसविले तर बारा आधार, म्हणजे सुमारे ३७ मीटर नळी. ५० सेंटिमीटरांवर बसविले तर नऊ आधार, म्हणजे सुमारे २७ मीटर. कमी दराचें अंदाजपत्रक पुष्कळदां याच अंतरांत स्वस्त झालेलें असतें, आणि त्याचा परिणाम फळ्या मध्येंच दबूं लागल्यावर दिसतो. शिवाय क्लिपा, कडेच्या पट्ट्या, वाहतूक व मजुरी निराळी.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गच्चीचें वॉटरप्रूफिंग. तें आधीं तपासून घ्यावें. नाहीं तर पुढें गळती सुरू झाल्यावर सारी जमीन उचलावी लागते व मजुरी दुसऱ्यांदा पडते. आधार बसवितांना स्लॅबला भोकें पाडूं देऊं नयेत, आणि पाणी वाहून जाण्याची वाट मोकळी ठेवावी.

आमच्या भागांतील ऊन हीहि एक खर्चाची बाब आहे. वैशाखांत येथें पारा चाळीस अंशांपुढें जातो. गडद रंगाची फळी भर दुपारीं अनवाणी पायांस सोसवत नाहीं. उन्हानें ती लांबतेहि, म्हणून टोकांस फट ठेवावी लागते. पापड-कुरडयांचें वाळवण घालणाऱ्या गृहिणीस व गच्चीवर खेळणाऱ्या मुलांस विचारल्यावांचून रंग ठरवूं नये. फळीचा एक तुकडा मागून आणावा, तो दुपारी दोनपर्यंत उन्हांत ठेवावा व त्यावर पाय ठेवून पाहावा. या परीक्षेस पैसा पडत नाहीं.

आमचें मत असें कीं, सावलीच्या व्हरांड्यांत ही फळी शोभते व टिकते. उघड्या गच्चीवर मात्र शहाबादी फरशीचा किंवा पांढऱ्या चिनी मोझेकचा अंदाजहि सोबत मागवावा. फळी, आधार, क्लिपा, वॉटरप्रूफिंग व मजुरी हे पांच आंकडे वेगवेगळे लिहून घ्यावे, आणि हमीपत्रांत बदलण्याची मजुरी धरली आहे कीं नाहीं, तें वाचावें. मुलांच्या शिक्षणासाठीं बाजूस टाकलेल्या शिल्लकेंतून हा खर्च व्हावयाचा असतो. तो ठरविण्यास एक संध्याकाळ घरांतील सर्वांनीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें, हें बरें.