विद्युत् उपकरणांचे आयुर्मान, घरगुती

घरगुती विद्युत् उपकरण आपले नेमलेले कार्य सुरक्षितपणे व वाजवी खर्चात जितका काळ करू शकते, त्या काळास त्याचे आयुर्मान म्हणतात. पंखा, कूलर, फ्रिज, गीझर, मिक्सर व पाण्याचा पंप ही नित्य वापरातील उपकरणे होत. त्यांचे आयुष्य केवळ वर्षांत मोजून भागत नाही. ती किती तास, किती तापमानात व कोणत्या विद्युत् दाबावर चालली, यांवर ते मुख्यत्वे अवलंबून असते. त्यामुळे एकाच बनावटीच्या दोन पंख्यांपैकी एक पंचवीस वर्षे चालतो, तर दुसरा पाच वर्षांत निकामी होतो, असे घडू शकते. नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यासारख्या मराठवाड्याच्या भागात कडक उन्हाळा, धूळ, विंधन विहिरींचे जड पाणी व दाबातील चढउतार हे घटक बहुधा एकत्र येतात. त्यामुळे आयुर्मानाची कारणे तेथे विशेष स्पष्टपणे दिसून येतात.

तापमान : पंख्याच्या मोटरीतील गुंडाळी ज्या तारेची असते तिच्यावर विद्युत् निरोधक रोगणाचा अतिशय पातळ थर असतो. उष्णतेमुळे या थरात मंद रासायनिक बदल होऊन तो ठिसूळ बनतो व अखेरीस शेजारचे वेढे एकमेकांस भिडतात. यालाच व्यवहारात ‘मोटर जळणे’ म्हणतात. अमेरिकन अभियंता माँटसिंगर यांनी १९३० मध्ये तापमान व निरोधकाचे आयुष्य यांचा संबंध मांडला आणि १९४८ मध्ये डेकिन यांनी त्याला रासायनिक विक्रियावेगाचा आधार दिला. तापमान सु. १०° से. वाढले की निरोधकाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, हा त्यातून रूढ झालेला स्थूल नियम होय.

उदा., १२०° से. तापमानास २०,००० तास टिकणारा निरोधक १००° से. तापमानास सु. ८०,००० तास टिकेल. रोज १६ तासांप्रमाणे वर्षातून ३०० दिवस चालणारा पंखा वर्षाला ४,८०० तास फिरतो. म्हणजे पहिल्या स्थितीत गुंडाळीचे आयुष्य चार वर्षांहून थोडे अधिक, तर दुसऱ्या स्थितीत सोळा वर्षांहून अधिक भरते. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली साठणारी हवा खोलीतील हवेपेक्षा बरीच तप्त असते आणि पंखा नेमका त्याच थरात टांगलेला असतो. जुन्या माळवदाच्या घरात मातीचा जाड थर ही उष्णता अडवितो. पत्र्याखाली आतून छत घालणे किंवा पत्र्यास वरून पांढरा रंग देणे हे उपाय माणसांप्रमाणेच उपकरणांसही उपकारक ठरतात.

विद्युत् दाब : भारतात घरगुती पुरवठ्याचा प्रमाण दाब २३० व्होल्ट व कंप्रता ५० हर्ट्झ आहे. भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांनी कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्के कमीअधिक फरक ग्राह्य मानला होता. २३० व्होल्टसाठी ही मर्यादा सु. २१६ ते २४४ व्होल्ट अशी येते. लांब वाहिनीच्या टोकावरील वस्तीत शेतीपंप सुरू झाले की दाब याहूनही खाली जातो. मोटरीचे परिपीडन म्हणजे फिरविण्याची क्षमता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे १८० व्होल्टला ती सु. ६१ टक्केच उरते. पंख्याला याचा फारसा धोका नसतो, कारण गती मंदावली की त्याच्यावरील भारही कमी होतो. याउलट फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याचा पंप यांवरील भार तितका कमी होत नाही. त्यांची मोटर अधिक प्रवाह खेचते, तापते व अडकल्यास जळते. वीज जाऊन लगेच परतल्यास कॉम्प्रेसरमधील वायूचा दाब समतोल झालेला नसतो, म्हणून निदान तीन मिनिटे थांबून फ्रिज सुरू करणे इष्ट असते.

अधिक दाब सर्वच उपकरणांना घातक असतो. रोहित्राजवळील, म्हणजे ‘डीपी’वरील, शून्य तार तुटली तर तीन प्रावस्थांवरील भार विषम असल्यामुळे काही घरांत दाब ४०० व्होल्टच्या जवळ पोहोचू शकतो आणि क्षणार्धात अनेक उपकरणे निकामी होतात. वळवाच्या पावसातील विजांमुळेही तारांवर क्षणिक उच्च दाब येतो. अशा वेळी खटका बंद करणे पुरेसे नसते. खुंटी म्हणजे पिन खोबणीतून काढून ठेवावी लागते.

पंख्याचे घटक : पंखा मंद झाला म्हणजे मोटर संपली, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष धारित्राचा म्हणजे कपॅसिटरचा असतो. सु. २.५ मायक्रोफॅरडच्या या भागातील धातुलेपित पातळ पटलास उष्णता व अधिक दाब यांमुळे सूक्ष्म छिद्रे पडतात. प्रत्येक छिद्राभोवतीचा लेप नाहीसा होतो आणि धारकता घटत जाते. हा भाग स्वस्त असून सहज बदलता येतो. बेअरिंगमधील गोळ्या पंख्याच्या अल्प भारामुळे क्वचितच झिजतात. आधी वंगण सुकते वा त्यात धूळ शिरते, व मग आवाज येऊ लागतो. पात्यांवर विषम साठलेल्या धुळीने पंखा हेलकावतो आणि टांगणीवरील पिना व बोल्ट सैल होतात. म्हणून पाती पुसणे व वर्षातून एकदा टांगणी तपासणे हा सुरक्षिततेचाही भाग आहे.

पाणी : जड पाणी तापविताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांची पुटे तापक दांड्यावर बसतात. ती उष्णता पाण्यात जाऊ देत नाहीत. त्यामुळे दांडा आतून अतितप्त होऊन फुटतो व पाण्यात विद्युत् प्रवाह उतरण्याचा संभव निर्माण होतो. कूलरमध्ये पाणी, लोखंडी पत्रा व वीज एकत्र येत असल्याने भूयोजन म्हणजे अर्थिंग नसणे प्राणघातक ठरते. वितळतारेच्या जागी जाड तार बसविल्याने उपकरण वाचत नाही. दोष असतानाही प्रवाह चालू राहून आगीचा धोका मात्र वाढतो.

नवी उपकरणे व दुरुस्ती : १ जानेवारी २०२३ पासून भारतात छताच्या पंख्यांना ऊर्जाबचतीचे तारांकन सक्तीचे झाले. पूर्वीचा पंखा सु. ७५ वॉट घेई. चुंबकीय घूर्णकाचा बीएलडीसी पंखा सु. ३० वॉटमध्ये तितकीच हवा देतो व त्याची गुंडाळीही कमी तापते. मात्र त्याचे आयुष्य आता इलेक्ट्रॉनिक मंडलावर अवलंबून असते आणि ते बिघडल्यास बहुधा संपूर्ण पट्टिकाच बदलावी लागते. तालुक्याच्या गावी मोटर पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर जुन्या पंख्यास नवे आयुष्य देऊ शकतात. नव्या पंख्यास सुटा भाग मिळेल तरच ते शक्य होते. म्हणून खरेदीच्या वेळी किंमत व वीजबचत यांबरोबरच सुट्या भागांची उपलब्धता पाहणे आवश्यक ठरते. निरोधन दुबळे झालेले, शरीरास झटका देणारे किंवा जळका वास येणारे उपकरण मात्र चालत असले, तरी त्याचे आयुष्य संपले असे समजून दुरुस्तीपर्यंत वापरातून काढावे.