परीक्षकांच्या मनोगतानंतर

शालेय वक्तृत्व स्पर्धेच्या अखेरीस, निकाल वाचून दाखविण्यापूर्वी, परीक्षकांचे मनोगत हा एक ठरलेला भाग असतो. हौशी वक्त्याला, म्हणजे ज्याने बोलण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही आणि ज्याचा तो व्यवसायही नाही अशा माणसाला, आपल्या भाषणाविषयी जाणत्या व्यक्तीकडून जे काही ऐकायला मिळते, ते बहुधा एवढ्यापुरतेच असते. सर्वांची तयारी चांगली होती, पाठांतर उत्तम होते, मात्र आवाजात चढउतार हवेत, हावभावांकडे लक्ष द्यावे आणि आत्मविश्वास वाढवावा, अशा आशयाचे ते चार-पाच मिनिटांचे बोलणे सदिच्छेने केलेले असते. परंतु वीस-पंचवीस स्पर्धकांना उद्देशून एकदमच केलेल्या त्या सूचनांतील कोणती सूचना आपल्यासाठी होती, हे समोर बसलेल्या एकाही मुलाला उमगत नाही. नंतर तीन क्रमांक आणि दोन उत्तेजनार्थ बक्षिसे जाहीर होतात, टाळ्या होतात, आणि ज्यांचे नाव आले नाही ती मुले आपले नेमके कोठे चुकले हे न कळताच घरी परततात.

या रिवाजातील उणीव गगनबावड्यासारख्या तालुक्यात अधिक ठळकपणे जाणवते. कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या या ठिकाणाहून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. तालुक्याची लोकसंख्या विरळ, गावे वाड्या-वस्त्यांत विखुरलेली आणि शाळा लहान आहेत. अशा शाळेतील मुलाला सभेसमोर उभे राहून बोलण्याचे प्रसंग मोजकेच येतात: २६ जूनची शाहू जयंती, १ ऑगस्टची लोकमान्य टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती, १५ ऑगस्ट, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, २६ जानेवारी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि एखादी तालुकास्तरीय स्पर्धा. शहरातील मुलाला एका स्पर्धेत मिळालेली मोघम सूचना पुढच्या आठ-दहा स्पर्धांच्या सरावात आपोआप स्पष्ट होत जाते; वर्षातून दोन-तीनदाच बोलणाऱ्या मुलाजवळ ती सवड नसते, आणि म्हणून त्याला मिळणारा प्रत्येक अभिप्राय नेमका असणे अधिक निकडीचे ठरते.

येथे निवाडा आणि अभिप्राय यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. निवाडा झालेल्या भाषणाविषयी असतो आणि तो कोण सरस ठरला हे सांगतो. विधायक अभिप्राय पुढे होणाऱ्या भाषणाविषयी असतो आणि वक्त्याने त्यात काय वेगळे करावे हे सांगतो. जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली या न्यूझीलंडमधील शिक्षणशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आढाव्यात, उपयुक्त अभिप्रायाने तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत असे मांडले: कोठे पोहोचायचे आहे, सध्या आपण कोठे आहोत आणि पुढचे पाऊल कोणते. स्पर्धेचा निकाल यांतील दुसऱ्या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर देतो आणि तिसऱ्याला स्पर्शही करत नाही. त्याच आढाव्यात केलेल्या कामाविषयीचा आणि त्यामागील पद्धतीविषयीचा अभिप्राय उपयुक्त, तर व्यक्तीविषयीचा शेरा, मग तो स्तुतीचा का असेना, सर्वांत कमी उपयोगाचा असेही म्हटले आहे. ‘हुशार आहेस’ या शब्दांनी मुलाला बरे वाटते, परंतु पुढच्या वेळी काय करावे हे त्यातून कळत नाही.

अभिप्राय दिला म्हणजे सुधारणा होतेच, ही समजूतही तपासून घेण्याजोगी आहे. क्लूगर आणि डीनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये जुन्या प्रयोगांच्या निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा अभिप्रायामुळे कामगिरी सरासरीने सुधारत असली तरी एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी ती उलट खालावली, असे आढळले. त्यांच्या विवेचनानुसार अभिप्राय माणसाचे लक्ष हातातील कामावरून हटवून स्वतःच्या प्रतिष्ठेकडे वळवू लागला, की त्याची परिणामकारकता कमी होते. रूथ बटलर यांचा १९८८ मधील प्रयोग तर वक्तृत्वाच्या गुणपत्रिकेला थेट लागू पडावा असा आहे. इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांपैकी काहींना केवळ गुण, काहींना केवळ लेखी शेरा आणि काहींना दोन्ही देण्यात आले. पुढील कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती केवळ शेरा मिळालेल्यांत, आणि गुणांसोबत शेरा मिळालेल्या मुलांना त्या शेऱ्याचा लाभ झाला नाही. आपल्याकडील परीक्षकाच्या हाती विषयाची मांडणी, भाषा, आवाज, हावभाव, सभाधीटपणा आणि वेळेचे भान अशा रकान्यांचा जो तक्ता असतो, तो क्रमांक काढण्यासाठी आवश्यक आहे यात वाद नाही. मात्र हे आकडे मुलापर्यंत पोहोचले तरी त्यांतून त्याला शिकण्यासारखे फारसे काही हाती लागत नाही.

नेमका अभिप्राय कसा असतो हे शाहू जयंतीला होणाऱ्या एखाद्या नमुनेदार भाषणावरून पाहता येईल. सातवीतील विद्यार्थिनी ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ येथून सुरुवात करते, आपण सांगणार असलेले दोन शब्द शांत चित्ताने ऐकून घेण्याची विनंती करते, मग थोर, महान, रयतेचा राजा, आरक्षणाचे जनक अशी विशेषणे एका दमात म्हणून जाते, आणि महाराजांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले हे वाक्य त्याच लयीत, इतर दहा वाक्यांसारखेच, उरकते. तिला ‘विषयाचा सखोल अभ्यास हवा’ असा शेरा मिळाला, तर तो खोटा नसतो, पण तिला काय करायचे ते त्यातून उमजत नाही. याउलट, ‘सक्तीच्या शिक्षणाचे वाक्य आले तेथे क्षणभर थांब, १९१७ च्या त्या कायद्यात मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता, तेवढी एक गोष्ट सांग आणि वर्गाकडे बघ’ अशी सूचना मिळाली, तर ती लगेच अमलात आणता येते, आणि तिच्यामुळे मांडणी, विराम व नजर या तिन्ही बाबी आपोआप सुधारतात. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत काम सुरू झालेले राधानगरीचे धरण शेजारच्याच तालुक्यात आहे आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर खुद्द बावड्याची होती; ‘या विषयाचा आपल्या मुलखाशी संबंध काय’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी छापील भाषणसंग्रहातून उतरवून घेतलेल्या मजकुरात मुलीचे स्वतःचे असे काही येऊ लागते.

या उदाहरणात सूचना एकच आहे, हे महत्त्वाचे. ऐकणाऱ्याला दहा दोष दिसत असले तरी बोलणाऱ्याला पुढच्या वेळी उभे राहिल्यावर त्यांतील एखादाच आठवतो. म्हणून ज्याच्या दुरुस्तीने इतर दोष कमी होतील असा दोष निवडणे हेच अभिप्राय देणाऱ्याचे खरे कौशल्य होय. आधी स्तुती, मध्ये टीका आणि शेवटी पुन्हा स्तुती असा जो तिहेरी साचा प्रशिक्षण वर्गांत शिकवला जातो, त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण मुले लवकरच ‘पण’ या शब्दाची वाट पाहू लागतात आणि त्याआधीचे सारे केवळ उपचार म्हणून ऐकतात. स्तुतीही टीकेइतकीच नेमकी हवी: कोणते वाक्य ऐकताना मागच्या रांगेतील चुळबुळ थांबली, हे सांगितले म्हणजे आपल्या हातून काय साधले ते वक्त्याला कळते आणि ते त्याला पुन्हा करता येते. शिक्षकाची टीका इतकी कठोर नसावी की मुलाची उमेदच खचेल, हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे.

भीतीविषयीचा अभिप्राय विशेष जपून द्यावा लागतो. सॅविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की आपली धडधड आणि कंप श्रोत्यांना स्पष्ट दिसतात असे वक्त्यांना वाटते, प्रत्यक्षात मात्र ते श्रोत्यांना पुष्कळच कमी जाणवतात. आणि ही गोष्ट आधी समजावून सांगितलेल्या वक्त्यांची भाषणे इतरांपेक्षा सरस ठरली. यावरून, भाषण संपताच ‘घाबरला होतास’ असे म्हणणे किती घातक आहे हे ध्यानात येईल, कारण जे श्रोत्यांना फारसे दिसलेच नव्हते ते सर्वांना दिसले, अशी मुलाची खात्री होते. पाठ केलेले भाषण मध्येच विसरणे हा या भीतीचा नेहमीचा परिणाम, आणि त्यावरचा उपाय धीर धर म्हणण्यापेक्षा तयारीच्या पद्धतीत आहे: संपूर्ण मजकूर ओळीने घोकण्याऐवजी चार मुद्दे क्रमाने लक्षात ठेवले, तर एक वाक्य निसटले म्हणून पुढचे सारे अडत नाही.

उच्चारांचा प्रश्न या भागात सर्वांत नाजूक आहे, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकाकडून अन्याय होण्याची शक्यता येथेच अधिक. घाटमाथ्यावरच्या बोलीत ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘नाही’ला ‘न्हाई’ म्हणणे ही निष्काळजी नव्हे. ती त्या बोलीची नियमबद्ध रीत आहे आणि घरी, शेतात, बाजारात मूल तीच भाषा ऐकत वाढते. औपचारिक सभेत प्रमाण मराठी, म्हणजे पाठ्यपुस्तके व वृत्तपत्रे यांची सर्वत्र चालणारी भाषा, वापरता येणे हे एक उपयुक्त कौशल्य आहे आणि ते मुलांना शिकवलेही पाहिजे. परंतु ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा भर सभेत दिल्याने मूल प्रमाण भाषेकडे वळत नाही, ते गप्प बसते, आणि वर्गसोबत्यांना त्याची थट्टा करायला एक निमित्त मिळते. ‘ण’चा सराव शिक्षकाने एकांतात करून घ्यावा, आणि बोलीतला एखादा जिवंत शब्दप्रयोग भाषणाला उठाव देत असेल तर तो राखायलाही सांगावे. जे श्रोत्यांना कळत नाही तो दोष, आणि जे परीक्षकाच्या कानाला वेगळे लागते ती केवळ भिन्नता, हा विवेक सुटता कामा नये.

परिस्थितीचे भानही अभिप्रायात असावे लागते. गगनबावडा हे राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. शाहू जयंती आणि १ ऑगस्ट हे दोन्ही दिवस ऐन पावसाळ्यात येतात, आणि पत्र्याच्या छपराखाली कोसळत्या सरीत बोलणाऱ्या मुलाला ओरडावेच लागते. अशा वेळी आवाजातील चढउताराचे गुण कापण्यापेक्षा, सर आली की क्षणभर थांबावे, वाक्ये आखूड करावीत आणि महत्त्वाचा शब्द पुन्हा उच्चारावा, हे सांगणे अधिक हिताचे.

महाराष्ट्रात वक्त्याला घडविण्याची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि वक्तृत्वोत्तेजक सभेकडून चालविली जाणारी वसंत व्याख्यानमाला सर्वांना ठाऊक आहे. परंतु या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे ती गोपाळ कृष्ण गोखले यांची घडण. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांच्या मांडणीमागे गणेश व्यंकटेश जोशी यांनी पुरविलेली आकडेवारी आणि रानडे यांचे मार्गदर्शन होते. म्हणजे जाणत्यांचे साहाय्य त्यांना प्रत्यक्ष बोलण्याच्या आधी, दुरुस्तीला वाव असताना मिळाले.

विसाव्या शतकात अमेरिकेत या विचाराला संस्थेचे रूप आले. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता आना येथे टोस्टमास्टर्स नावाचे मंडळ सुरू केले, आणि त्याच्या शाखा आज भारतातील अनेक शहरांतही आहेत. तेथे एका सभासदाने पाच-सात मिनिटांचे भाषण केले, की आधीच नेमलेला दुसरा सभासद उभा राहून दोन-तीन मिनिटांत त्याचे मूल्यमापन करतो, तिसरा वेळ मोजतो, चौथा ‘अं’ आणि ‘म्हणजे’ यांसारखे अडखळण्याचे शब्द टिपतो, आणि अखेरीस मूल्यमापन करणाऱ्यांचेही मूल्यमापन होते. ही शेवटची योजना विशेष घेण्याजोगी आहे, कारण अभिप्राय देणे हीदेखील शिकण्याची विद्या आहे हे तीत गृहीत धरलेले असते. शिवाय तेथील वक्त्याला काही आठवड्यांत पुन्हा बोलायचे असते, म्हणून मिळालेली सूचना वापरून पाहण्याआधीच विरून जात नाही.

अशी पुन्हा बोलण्याची संधी गगनबावड्यातील शाळांना नव्याने निर्माण करावी लागत नाही, ती परिपाठात रोज सकाळी उपलब्ध असते. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि बोधकथा या क्रमात दररोज चार-पाच मुले सर्वांसमोर उभी राहतात, आणि बहुतेक ठिकाणी तो उपचार दहा मिनिटांत आटोपतो. त्यातच बोधकथा सांगणाऱ्या एका मुलाला आधी ‘तुला स्वतःला काय बदलावेसे वाटते’ असे विचारले, मग दुसऱ्या विद्यार्थ्याला एक आवडलेली व एक बदलण्याजोगी गोष्ट सांगायला लावली आणि शिक्षकाने शेवटी एकच सूचना दिली, तर तीन-चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ती सूचना तारखेसह एका वहीत लिहून ठेवावी आणि त्याच मुलाला दोन आठवड्यांत पुन्हा उभे करून, नवे काही सांगण्यापूर्वी, मागची सूचना अमलात आली का एवढेच पाहावे.

तालुकास्तरीय स्पर्धेच्या संयोजकांनाही या वहीचा उपयोग करता येईल. दूरच्या वाडीवरून आलेल्या मुलांना परतीची एसटी गाठायची असते आणि परीक्षकांच्या मनोगताच्या वेळी अर्धे सभागृह दप्तर आवरत असते. त्यामुळे प्रत्येक स्पर्धकासाठी परीक्षकाने दोन वाक्यांची स्वतंत्र चिठ्ठी लिहावी, तीत गुण वा क्रमांक नसावा, आणि ती मुलासोबत आलेल्या शिक्षकाच्या हाती द्यावी, म्हणजे पुढच्या सोमवारच्या परिपाठात सराव कशाचा घ्यायचा हे शाळेत पोहोचण्यापूर्वीच ठरलेले असेल.