तैलरंगांची तोंडओळख : आकाशाइतकाच उजळ सूर्य

मागच्या भागात 12 बाय 16 इंचांच्या कॅनव्हासला करड्या रंगाचा पातळ हात देऊन ठेवला होता. तो आता वाळला असेल. त्यावर क्लोद मोनेचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ उतरवायला घेऊ. मूळ चित्र 48 बाय 63 सेंटिमीटरचं, म्हणजे प्रमाण जवळपास तेच. 1872 सालचं हे चित्र फ्रान्समधल्या ल आव्र बंदराचं. 1874च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात त्याची टवाळी झाली आणि त्या टवाळीतूनच इम्प्रेशनिस्टांचं नाव रूढ झालं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. शिकणाऱ्याच्या कामाची गोष्ट निराळीच आहे : त्यातला नारिंगी सूर्य भोवतीच्या आकाशापेक्षा फारसा उजळ नाही.

पटत नसेल तर चित्राचा फोटो फोनमध्ये कृष्णधवल करून पाहा. नावा जागच्या जागी राहतात, सूर्य मात्र जवळजवळ नाहीसा होतो. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचा उलगडा केला आहे. मेंदूचा जो भाग वस्तूची जागा आणि हालचाल टिपतो, त्याला रंग कळत नाही, फक्त उजेड-अंधार कळतो. त्याच्या लेखी हा सूर्य नाहीच. रंग ओळखणाऱ्या भागाला मात्र तो ठसठशीत दिसतो. या ओढाताणीत सूर्य थरथरल्यासारखा वाटतो.

तेव्हा सुरुवात सूर्यापासून नको, करड्यापासून करा. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा पॅलेट नाइफने कालवून भरपूर ढीग करा. मध्येच कमी पडला तर तोच रंग पुन्हा जमत नाही. ढिगाच्या कडेला कॅडमियम ऑरेंजचा ठिपका टेकवा आणि डोळे बारीक करून बघा. ठिपका गडद दिसला तर करडा फिका आहे. ठिपक्याची कड पुसट झाली की टोन जुळला. नवशिक्यांचं आकाश हमखास फिकं पडतं. मग सूर्य कपाळावरच्या टिकलीसारखा वरून चिकटवलेला दिसतो, तो उजळावा म्हणून नारिंगीत पांढरा घालतात आणि उरलासुरला तजेलाही घालवतात.

बाकीचं चित्र याच ढिगातून काढायचं. डोलकाठ्या, धुराडी, क्रेन यांना किंचित जास्त निळा, तोही टर्पेंटाइनने पातळ केलेला. पुढची नाव सर्वांत गडद, तिच्यामागची फिकी, तिसरी धुक्यात अर्धी गेलेली. धुकं म्हणजे शेवटी सगळ्यावर फिरवलेला पांढरा हात नव्हे. ते या टोनच्या उतरंडीतच असतं.

पाण्यावरचे नारिंगी फटकारे सर्वांत शेवटी, भरल्या ब्रशने, जाडसर. एकदा टेकवला की हात उचला. पुन्हा फिरवलात तर खालचा ओला करडा वर येऊन नारिंगी मळतो. खाली पातळ, वर तेलकट हा क्रम मोडू नका. जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खालचा थर तेलकट आणि वरचा पातळ असला, तर वरचा आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात.

डाव्या कोपऱ्यातली मोनेची सही उतरवू नका. कॅनव्हासच्या मागे ‘मोनेवरून’ असं लिहून आपलं नाव आणि तारीख घाला.

पुढच्या आठवड्यात हाच करडा घेऊन खऱ्या किनाऱ्यावर बसू. सोबत छत्री ठेवा. कॅनव्हासवर थेट ऊन पडलं की रंग उजळ भासतात आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं.